कम्युनिटी कॉलेजात बेसिक अल्जिब्रा: नाव घालण्यापासून फायनलपर्यंत

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी बीजगणिताचं पुस्तक रद्दीत घातलं आणि पुढची सतरा वर्षं त्याची आठवणही काढली नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आले. इथे अकाउंटिंग शिकायचं डोक्यात घेऊन कॉलेजच्या खिडकीशी उभी राहिले, तर पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न: ‘मॅथ प्लेसमेंट झालीय का?’ झाली नव्हती. ती काय असते हेही माहीत नव्हतं. गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी ही परीक्षा.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी जे शिकले त्यातलं निम्मं गणित होतं आणि निम्मं म्हणजे इथलं कॉलेज चालतं कसं, ते. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या निम्म्यासाठी. गणित तुमचं झालेलं आहे, गंज चढलाय एवढंच.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते थोडक्यात. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज. पहिलं निघालं १९०१ साली, इलिनॉयमधल्या जोलिएट गावात. न्यू जर्सीत अशी १८ कॉलेजं आहेत आणि त्यातली बरीच काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, नावाने चालतात, म्हणून इथे लोक ‘काउंटी कॉलेज’च म्हणतात. प्रवेश सगळ्यांना खुला. मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही. अकरावी प्रवेशाच्या याद्यांपुढे उन्हात उभं राहिलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मात्र कॉलेजात शिरणं सोपं असलं तरी हव्या त्या वर्गात शिरणं वेगळं, आणि ‘बेसिक अल्जिब्रा’ हा वर्ग नेमका त्या दोन दारांच्या मधल्या ओसरीत बसतो. तो डेव्हलपमेंटल, म्हणजे तयारीचा कोर्स. फी पूर्ण भरायची, हजेरी-परीक्षा सगळं, पण त्याची क्रेडिट्स डिग्रीत धरत नाहीत. म्हणूनच त्याची खरंच गरज आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासायचं.

कॅलिफोर्नियातल्यांनी इथेच एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिथे २०१७ साली एबी ७०५ नावाचा कायदा झाला आणि २०२२ साली त्याला आणखी धार आली. त्यामुळे तयारीचे बहुतेक अल्जिब्रा कोर्स बंद झाले. आता विद्यार्थ्याला थेट स्टॅटिस्टिक्स किंवा कॉलेज अल्जिब्राला बसवतात आणि सोबत मदतीचा जोडवर्ग देतात. तिथे उजळणीच हवी असेल तर ‘नॉनक्रेडिट’ वर्गांत शोधा. ते बहुधा फुकट असतात.

व्हिसा आणि कागद

एच-४ आणि एल-२ (दोन्ही नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचे व्हिसा) वाल्यांना शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, एक कोर्स घ्या नाहीतर पूर्णवेळ शिका. एफ-२, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा व्हिसा, त्यांना अर्धवेळ शिकता येतं, पूर्णवेळ नाही. स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पूर्णवेळ शिकणं बंधनकारक आहे, तेव्हा एकट्या अल्जिब्रावर भागणार नाही. आणि मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांना ‘बसून काय करता, कोर्स करा’ असं कोणी सुचवलं तर व्हिजिटर व्हिसावर तसा कोर्स चालत नाही, हे त्यांना सांगा.

अर्ज ऑनलाइन, पंधरा मिनिटांचा. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तो रकाना मोकळा सोडा, कॉलेज स्वतःचा विद्यार्थी क्रमांक देतं. खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची येते. काउंटीत राहणाऱ्यांना फी कमी, बाहेरच्यांना जास्त, आणि पुरावा म्हणून मागतात भाडेकरार किंवा विजेचं बिल. आपल्या घरी ही दोन्ही नवऱ्याच्या नावावर! मला यात दोन आठवडे हेलपाटे पडले. सेमिस्टरच्या दोन-तीन महिने आधीच एखाद्या बिलावर नाव चढवून घ्या, किंवा जॉइंट खात्याचं बँक स्टेटमेंट चालतं का ते विचारा. काही कॉलेजं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा दाखलाही मागतात. आईला फोन करून लहानपणीचं लसीचं कार्ड कपाटात सापडतंय का बघायला सांगा. सापडलं नाही तर इथे रक्त तपासून प्रतिकारशक्ती दाखवता येते.

फेडरल आर्थिक मदत एच-४ ला मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर अर्ज जरूर करा.

प्लेसमेंट: इथे घाई करू नका

मी केली. सोमवारी अर्ज भरला आणि बुधवारी, ‘बघू तरी काय विचारतात’ म्हणून परीक्षेला बसले. अपूर्णांकाने भागायचं म्हणजे तो उलटा करून गुणायचं असतं हे विसरले होते. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला घाम फुटला, पुढचे प्रश्न अंदाजाने ठोकले आणि अर्ध्या तासात बाहेर. निकाल लगेच पडद्यावर: अल्जिब्राच्याही खालचा वर्ग, नुसतं अंकगणित. म्हणजे एक सेमिस्टर जादा आणि त्याचे पैसे जादा. तीन आठवडे अभ्यास करून पुन्हा बसले तेव्हा बेसिक अल्जिब्रा मिळाला. आणखी महिनाभर थांबले असते तर तोही टळला असता, असं आता वाटतं.

या परीक्षेचे दोन प्रकार जास्त आढळतात. एक अ‍ॅक्युप्लेसर. यात गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी २० प्रश्नांचे: अंकगणित, मग बीजगणित-सांख्यिकीचा मधला, मग वरच्या बीजगणिताचा. गुण २०० ते ३०० मध्ये. वेळेचं बंधन नाही. ही परीक्षा तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडते, आणि एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही. आपली सवय काय? आधी सोपे सोडवायचे, अवघड शेवटी. इथे ते जमत नाही. समोर आहे तो प्रश्न कागदावर नीट सोडवायचा, मगच बटण दाबायचं. कॅल्क्युलेटर आपला न्यायचा नाही. ज्या प्रश्नाला तो चालतो तिथे पडद्यावरच येतो.

दुसरा प्रकार अलेक्स. जास्तीत जास्त ३० प्रश्न, बहुतेक ठिकाणी पर्याय नाहीत, उत्तर स्वतः टाइप करायचं. याची चांगली गोष्ट ही की पहिल्या प्रयत्नानंतर तुमच्या कच्च्या जागांवर सराव करायची सोय त्यातच असते आणि मग पुन्हा बसता येतं. किती वेळा, ते तुमच्या कॉलेजवर.

अ‍ॅक्युप्लेसर चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या साइटवर तिचा सराव फुकट आहे. त्याच्याही आधी, मराठी माध्यमातून शिकलेल्यांना माझा सल्ला असा: बालभारतीच्या साइटवरून आठवीचं गणित आणि नववीचं गणित भाग १ ही दोन पीडीएफ उतरवून घ्या. दोन्ही फुकट. बेसिक अल्जिब्राचा जवळजवळ सगळा ऐवज त्यात आहे. आपल्या भाषेत वाचलं की आठवतं भराभर. मुलं झोपल्यावर मी रोज एक सरावसंच सोडवायचे. ‘अवयव पाडा’ हे शब्द वाचताच हाताला जे आठवलं, ते इंग्रजी व्हिडिओ बघून आठवलं नव्हतं.

शब्दांचं भाषांतर स्वतःच करून ठेवा

एका वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. चल म्हणजे व्हेरिएबल, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, घातांक म्हणजे एक्स्पोनंट, बहुपदी म्हणजे पॉलिनोमिअल, अवयव पाडणे म्हणजे फॅक्टरिंग, चढ म्हणजे स्लोप. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनीही हसू नये. तिकडे ‘सायमल्टेनिअस इक्वेशन्स’ शिकलात, ती इथे ‘सिस्टिम ऑफ इक्वेशन्स’ होतात. ‘सर्ड’ला इथे ‘रॅडिकल’ म्हणतात. ‘ब्रॅकेट’ म्हटलं की इथल्यांना चौकोनी कंस दिसतो, साध्या गोल कंसाला ‘पॅरेन्थेसिस’. रेषेच्या समीकरणात आपण शेवटी ‘सी’ लिहितो, इथे ‘बी’: वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस बी. झेडला झी. आणि लाखाचा स्वल्पविराम विसरा, एक लाख इथे १००,००० असा लिहायचा.

यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे आपला लाडका ‘कंचेभागुबेव’. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इथे मुलांना ‘पेमडास’ शिकवतात: कंस, घातांक, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी. आपल्याकडे भागाकार आधी, यांच्याकडे गुणाकार आधी, मग खरं कोणाचं? दोघांचंही, आणि दोघांचंही अर्धवट. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवरचे, डावीकडून जो आधी येईल तो आधी. बेरीज-वजाबाकीचंही तसंच. २४ ÷ ४ × २ चं उत्तर १२. माझ्या शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन मुलाने पेमडास शब्दशः धरून आधी ४ × २ केलं आणि ३ उत्तर काढलं. मी मनातल्या मनात खूश झाले. पुढचंच गणित १० − ४ + ३. मी ‘बेरीज आधी’ म्हणून ४ आणि ३ ची बेरीज केली, १० मधून ७ वजा, उत्तर ३. बरोबर उत्तर ९. मग खूश व्हायची पाळी त्याची.

सेक्शन, फी, तारखा

एकाच कोर्सचे अनेक सेक्शन असतात: सकाळचा, संध्याकाळचा, ऑनलाइन, उन्हाळ्यातला पळता. गणिताला खूप वर्षांनी हात लावत असाल तर पहिला कोर्स समोरासमोरचाच घ्या. उन्हाळ्यात पंधरा आठवड्यांचं सहा-आठ आठवड्यांत कोंबतात. एक दिवस मूल आजारी पडलं की एक धडा गेला. फॉल सेमिस्टर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला चालू होतं, पण बरे सेक्शन त्याच्या खूप आधी भरतात.

कॅलेंडरमध्ये तीन तारखा लाल पेनाने लिहून ठेवा. फी भरायची शेवटची तारीख, कारण ती चुकली की जागा आपोआप जाते. पूर्ण पैसे परत मिळून कोर्स सोडायची शेवटची तारीख. आणि ‘डब्ल्यू’ घेऊन बाहेर पडायची शेवटची तारीख. डब्ल्यू म्हणजे मधूनच सोडला अशी नोंद, त्यात पैसे जातात पण नापासाचा ‘एफ’ टळतो. नुसतं वर्गात जायचं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं समजू नका. अर्ज केला नाही तर एफच लागतो.

पुस्तक लगेच विकत घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची फुकट ऑनलाइन पुस्तकं वापरतात. गृहपाठ मायलॅब किंवा अलेक्स अशा ऑनलाइन प्रणालीवर असेल तर त्याचा कोड विकत घ्यावाच लागतो, आणि तो जुन्या पुस्तकातून मिळत नाही. ‘सेकंडहँड पुस्तक घेऊन शंभर डॉलर वाचवले’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला तो वेगळा विकत घ्यावा लागला. कॅल्क्युलेटरचंही पहिल्या तासापर्यंत थांबा. काही शिक्षक साधा सायंटिफिक मागतात, काही अजिबात चालू देत नाहीत. महागडा ग्राफिंग कॅल्क्युलेटर अनेक कॉलेजांच्या लायब्ररीत उसना मिळतो.

वर्गात

पहिल्या दिवशी सिलॅबस हातात पडतो. आपल्याकडे अभ्यासक्रम म्हणजे धड्यांची यादी. इथे तो जवळजवळ करारनामा असतो: गृहपाठाला किती टक्के, क्विझला किती, फायनलला किती, उशिरा दिलं तर काय, किती दांड्या चालतील, शिक्षक कुठे आणि किती वाजता भेटतील. दोनदा वाचा. वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री जागून तरून जायची आपली विद्या इथे चालत नाही, कारण दर आठवड्याला थोडे थोडे गुण जमत किंवा गळत असतात.

शिक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणून उभं राहायची गरज नाही. ‘प्रोफेसर’ आणि आडनाव, एवढं पुरतं. कोणी नुसत्या नावाने हाक मारा म्हणाले तर मारा, जीभ अडखळेल पण होते सवय.

आता पायऱ्यांबद्दल, कारण माझे पहिल्या क्विझमध्ये सगळ्यात जास्त गुण इथेच गेले. समजा गणित आहे: ३क्ष − ७ = ११. आपण काय करतो? ७ पलीकडे नेला, चिन्ह बदललं, १८, भागिले ३, क्ष बरोबर ६. दोन ओळी, त्यातली एक डोक्यात. मी तेच केलं. उत्तर बरोबर, गुण निम्मे, बाजूला लाल शेरा: सात कुठे गेला? इथे ‘पलीकडे नेणे’ हा प्रकार शिकवत नाहीत. समीकरण म्हणजे तराजू, दोन्ही पारड्यांत तेच करायचं आणि ते लिहून दाखवायचं. डावीकडे − ७ च्या खाली + ७, उजवीकडे ११ च्या खाली + ७. रेघ. ३क्ष = १८. मग दोन्ही बाजूंखाली भागिले ३. क्ष = ६. शेवटी ताळा: ३ × ६ − ७ = ११. मला आधी हे बाळबोध वाटलं. पण पुढे −२क्ष < ६ सारखी उदाहरणं आली, जिथे ऋण संख्येने भागलं की चिन्हाचं तोंड फिरतं आणि उत्तर क्ष > −३ येतं, तेव्हा पायऱ्या लिहिणाऱ्यांचं चुकलं नाही, डोक्यात करणाऱ्यांचं चुकलं. मी दुसऱ्या गटात होते.

तसंच (−३)² आणि −३². पहिल्याचं उत्तर ९, दुसऱ्याचं −९. कंस नसेल तर वर्ग फक्त तीनचा, वजाचं चिन्ह बाहेर उभं. कॅल्क्युलेटरही हा फरक पाळतो, आणि त्याच्याशी वाद घालण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

शाब्दिक उदाहरणं हा आपल्यासारख्यांचा खरा अडथळा, आणि त्यातही नाण्यांची. गणितात लिहिलेलं असतं की एका बरणीत डाइम आणि क्वार्टर मिळून २० नाणी आहेत, एकूण ३ डॉलर २० सेंट, तर प्रत्येकी किती? डाइम किती सेंटांचं हे गणितात सांगत नाहीत, कारण इथे वाढलेल्याला ते माहीत असतं. तर पाठ करा: पेनी १, निकेल ५, डाइम १०, क्वार्टर २५. निकेल आकाराने डाइमपेक्षा मोठं असतं पण किमतीने निम्मं, त्यामुळे नाणी बघून अंदाज करायला जाऊ नका. आता क्वार्टर क्ष धरा, म्हणजे डाइम २० − क्ष. सगळं सेंटांत करा: २५क्ष + १०(२० − क्ष) = ३२०. कंस सोडवला की १५क्ष + २०० = ३२०, म्हणून क्ष = ८. क्वार्टर ८, डाइम १२. ताळा: २०० आणि १२०, झाले ३२०. मैल, गॅलन, फॅरनहाइट, टक्क्यांत टिप हे सगळं याच जातीचं. शब्द कळला की गणित आठवीचंच.

अडलात तर

विचारा. हे सांगायला सोपं आहे, मला जमायला पाच आठवडे लागले. आपल्याकडे वर्गात शंका विचारणं म्हणजे ‘लक्ष कुठं होतं?’ हे ऐकून घेणं. इथे शिक्षकांच्या ‘ऑफिस अवर्स’ना, म्हणजे भेटायच्या ठरलेल्या वेळांना, विद्यार्थी येत नाहीत ही त्यांची तक्रार असते. जाताना ‘मला काही कळत नाही’ असं म्हणू नका. सोडवलेला कागद न्या, कुठपर्यंत आलात ते दाखवा. ट्यूटरिंग सेंटर किंवा मॅथ लॅब फुकट असते, फी मध्ये ती धरलेलीच आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथे रांग लागते, मंगळवारी दुपारी चिटपाखरू नसतं.

ऑनलाइन गृहपाठात उत्तर बरोबर असून यंत्र ‘चूक’ म्हणालं तर घाबरू नका, आधी सूचना वाचा. १/३ मागितलं असताना ०.३३ लिहिलेलं त्याला चालत नाही. दर तासामागे घरी दोन तास अभ्यास, असा इथला हिशेब सांगतात. माझा तीनपर्यंत गेला, कारण भाकऱ्या थापताना ऐकलेल्या व्हिडिओंना मी अभ्यासात धरत होते. ते धरू नका.

वर्गात सतरा वर्षांचे असतील, नातवंडं झालेलेही असतील. तुमचे गुण कॉलेज कोणाला सांगणार नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय नवऱ्यालाही ते कळत नाहीत. घरी किती सांगायचे ते तुम्ही ठरवा. माझी पहिली क्विझ बरेच दिवस फ्रिजवर लागली नाही.

फायनलला फोटोचं ओळखपत्र, दोन पेन्सिली आणि चालू देत असतील तर कॅल्क्युलेटर. पुढच्या कोर्सला जायला बहुतेक ठिकाणी ‘सी’ किंवा वर लागतो. आणि पुढच्या सेमिस्टरची नावनोंदणी फायनलच्या आधीच उघडते. निकालाची वाट बघत बसलात तर संध्याकाळचे सेक्शन भरून जातात. मी नोव्हेंबरातच स्टॅटिस्टिक्सला नाव घातलं, अल्जिब्रात काय होणार हे माहीत नसताना. अल्जिब्रात सी आला नसता तर ते नाव रद्द होऊन पैसे परत आले असते, हे आधी खिडकीवर विचारून घेतलं होतं. खिडकीत त्याच बाई होत्या.